विजेची बेगमी

मे महिन्याच्या अखेरीस माझा मावसभाऊ चिपळूणला घरी आला. मिरकरवाडा बंदराजवळ त्याचा बर्फाचा कारखाना आहे. एका हातात आईसाठी सुक्या बोंबलांची पिशवी, पावसाळ्याच्या बेगमीची. दुसऱ्या हातात अठ्ठेचाळीस पानांचा इंग्रजी करार.

"बाय, ह्यात काय लिवलंय ते सांग गो. सात तारखेच्या आत सही पाहिजे म्हणतायत."

एक कंपनी देशावर कुठेतरी सौर प्रकल्प उभारणार होती. शेजारी बॅटरी बसवणार, महावितरणच्या तारांवरून वीज दादाच्या कारखान्यात आणणार, आणि युनिट आताच्यापेक्षा स्वस्त पडणार. कागदावर झकास दिसत होतं. मी काही वर्षं सौर, पवन आणि साठवणुकीच्या कंपन्यांसाठी वीज आयोगापुढे वकिली करते. म्हणजे एरवी असे करार मीच लिहिते, टेबलाच्या पलीकडे बसून. घरच्यांचा अजून समज आहे की मी महावितरणची थकबाकी वसूल करते. त्या दिवशी पडवीत बसून दादाला जे सांगितलं, तेच इथे थोडं नीट मांडते.

सुरुवात बोंबलांपासूनच केली. जूनमध्ये होड्या किनाऱ्याला लागतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणून एप्रिल-मेमध्ये स्वस्त मासळी सुकवायची आणि पावसात खायची. भात कणगीत, आमसुलं बरणीत, लाकडं पडवीत. कोकणातल्या माणसाला साठवण समजावावी लागत नाही. विजेचं मात्र शंभर वर्षं असं होतं की ती ज्या क्षणी तयार होईल त्याच क्षणी कुणीतरी वापरायला हवी. तिला कणगी नव्हती. विजेचा कायदाही याच समजुतीवर लिहिला गेला, आणि आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

२००३ चा विद्युत कायदा १८५ कलमांचा आहे. त्याचा सांगाडा मात्र साधा. वीज तयार करणं हा एक धंदा. मोठ्या वाहिन्यांवरून ती दूर नेणं हा दुसरा. घरोघर, कारखान्यात पोचवून विकणं हा तिसरा. नुसती खरेदी-विक्री करणारे व्यापारी चौथे. कलम ७ म्हणतं, वीज तयार करायला परवाना नको. बाकीच्या तिघांना कलम १४ खाली परवाना हवा. कारण मुख्यतः तारा. एका गल्लीत दोघांनी खांब रोवण्यात शहाणपण नसतं (मुंबईच्या उपनगरांत तेही घडलंय, पण तो वेगळा विषय), म्हणून तारवाल्याची मक्तेदारी होते. मक्तेदारी आली की तिचा दर ठरवायला कुणीतरी तिसरा लागतो. तो तिसरा म्हणजे वीज नियामक आयोग. महाराष्ट्राचा आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. तो नियम करतो, दर ठरवतो आणि वीजकंपन्यांमधले तंटेही सोडवतो. त्याचा निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जायचं, आणि तिथून फक्त कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात. या वाटेवर रत्नागिरीचं दिवाणी कोर्ट लागतच नाही.

आता या सांगाड्यात बॅटरी कुठे बसवायची? दुपारी ती तारेतून वीज ओढते, म्हणजे ग्राहक. संध्याकाळी तीच वीज तारेत सोडते, म्हणजे निर्मितीवाली. उपकेंद्राशेजारी बसून व्होल्टेज सांभाळते तेव्हा तर ती तारवाल्याचंच काम करते. हा शब्दच्छल नाही, यात पैसा आहे. बॅटरी ग्राहक मानली तर दुपारी घेतलेल्या विजेवर सगळे आकार लागणार, आणि संध्याकाळी तीच वीज तुमच्या मीटरला पोचली की ते पुन्हा लागणार. एकाच बोंबलावर दोनदा जकात.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये विद्युत नियमांत दुरुस्ती करून नियम १८ घातला. त्याचा मथितार्थ असा की साठवणूक ज्याच्या मालकीची, त्याचीच कायदेशीर जात तिला मिळेल. निर्मिती कंपनीची बॅटरी निर्मितीत धरायची, पारेषण कंपनीची पारेषणात, वितरणवाल्याची वितरणात. आणि कुणाशीही न जोडलेली, स्वतंत्र उभी बॅटरी असेल तर तिचा दर्जा निर्मिती कंपनीच्या बरोबरीचा, म्हणजे परवाना नको. ती बॅटरी विकता येते, भाड्याने देता येते, तिचा तुकडाही भाड्याने देता येतो. गाळ्यासारखं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या केंद्राच्या वीज नियमांत हा सर्वांत कामाचा नियम आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याच्यावर फार काही आलं नाही.

"पण बॅटरी हा नवा खेळ आहे ना?" दादाने विचारलं. मी त्याला पोफळीची आठवण करून दिली.

चिपळूणच्या माणसाला वाशिष्ठीचं पाणी बारमाही का असतं हे ठाऊक असतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहांत पडतं, कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज करतं आणि मग वाशिष्ठीत येतं. सगळे टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॉट. शिवसागर जलाशय ही महाराष्ट्राची विजेची जुनी कणगी आहे. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा काही मिनिटांत पोफळीची चक्रं फिरवता येतात. कोळशाच्या संचाला तापायलाच कित्येक तास लागतात.

या कणगीला मोजून झाकण लावलंय ते कायद्याने. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी पूर्वेकडे जायला हवं, आणि आपण ते पश्चिमेला वळवतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ मध्ये ठरवून दिलं की विजेसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणीच पश्चिमेला सोडायचं. धरण भरलेलं, यंत्रं तयार, मागणी आहे, तरी कोटा संपला की हात आखडता घ्यावा लागतो. साठवणुकीच्या वकिलाला म्हणूनच विजेच्या कायद्याबरोबर पाण्याचाही कायदा वाचावा लागतो.

कोयनेचं पाणी वर परत जात नाही. परत नेणारे प्रकल्प वेगळे, त्यांना उदंचन म्हणतात. घाटघरला वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, महाग वेळी खाली सोडायचं. २५० मेगावॉट, २००८ पासून चालू. रायगडात भिऱ्याला टाटांचा १५० मेगावॉटचा उदंचन संच त्याआधीपासून आहे, आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला १,००० मेगावॉटचा नवा येतोय. त्याचा राज्य सरकारशी सामंजस्य करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. सह्याद्रीचा कडा हा या धंद्याला देवाने दिलेला जिना आहे. पण वर चढवायला चार युनिट खर्च केले तर खाली येताना जेमतेम तीनच परत मिळतात. बॅटरीत गळती कमी, शंभरातले पंचाऐंशीच्या आसपास हाती येतात. ही गळती कुणाच्या खात्यावर लिहायची, हे करारातलं पहिलं कलम जे मी शोधते. दादाच्या करारात ते एकोणिसाव्या पानावर, तळटीपेत होतं. त्याच्या खात्यावर.

वाशिष्ठीच्या काठाने खाली गेलं की मुखाशी अंजनवेल येतं. पलीकडे दाभोळ, अलीकडे गुहागर तालुका. माझ्या पिढीच्या वीज-वकिलांचं हे तीर्थक्षेत्रच म्हणा, कारण वीजखरेदी करार कसा करू नये ते इथे शिकता येतं.

डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. स्पर्धात्मक निविदा नव्हती, वाटाघाटी होत्या. जागतिक बँकेने त्याच वर्षी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा बोलणी करून आणखी मोठा केला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्थ्यावर (खनिज तेलापासूनचं इंधन) सुरू झाला आणि दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणं थांबवलं. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची नवी कंपनी काढून प्रकल्प तिच्याकडे द्यावा लागला.

लोक म्हणतात, एन्रॉनची वीज महाग होती. अर्धं खरं आहे. नीट समजून घ्यायची गोष्ट म्हणजे दराचे दोन भाग. एक क्षमतेचं भाडं, म्हणजे तुमच्यासाठी संच तयार ठेवलाय त्याचे पैसे. दुसरा प्रत्यक्ष युनिटचा, मुख्यतः इंधनाचा. वीज घेतली नाही तरी भाडं चुकत नाही. तुमच्या घरच्या बिलातला 'स्थिर आकार' म्हणजे हेच, मे महिन्यात मुंबईहून येऊन घर उघडणाऱ्या चाकरमान्याला तो विचारा. मंडळाने मागणीचा अंदाज फुगवला होता. प्रत्यक्षात युनिट कमी घेतले, भाडं तेवढंच राहिलं, आणि भाड्याला थोड्या युनिटांनी भागलं की प्रत्येक युनिट डोळे पांढरे करणारा निघतो. त्यात इंधन आयातीचं आणि हिशोब डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की गुहागरपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर.

हे जुनं पुराण उगाळायचं कारण असं की आजचे बॅटरीचे करार नेमके याच बांधणीचे आहेत. बॅटरीचा लिलाव मेगावॉटमागे महिन्याच्या भाड्यावर होतो. २०२२ च्या पहिल्या मोठ्या लिलावात ते भाडं दहा लाखांच्या वर होतं, तीन वर्षांत अडीच लाखांच्याही खाली आलं. आता दादासमोर केलेला हिशोब इथे करते. समजा एक मेगावॉटची, दोन तास चालणारी बॅटरी आहे आणि भाडं महिन्याला सव्वादोन लाख. रोज एकदा भरून रिकामी केली तर दिवसाला २,००० युनिट, महिन्याला ६०,०००. भाडं पडलं युनिटमागे पावणेचार रुपये. हीच बॅटरी महिन्यातले पंधराच दिवस वापरली तर साडेसात रुपये. भरायच्या विजेची किंमत आणि गळती यात धरलेलीच नाही. बॅटरी तीच, करार तोच, फक्त वापर निम्मा.

"मग हे पण एन्रॉनच की!" दादा म्हणाला.

तसं नाही. भाडं हा गुन्हा नाही. तयार ठेवलेल्या वस्तूचे पैसे द्यावेच लागतात, मंडपवालाही लग्न मोडलं म्हणून आगाऊ रक्कम परत करत नाही. फरक तीन गोष्टींत आहे. आता विद्युत कायद्याच्या कलम ६३ खाली खुली बोली लागते आणि आयोग त्या दरावर शिक्कामोर्तब करतो. हिशोब रुपयांत असतो. आणि वितरण कंपनीला किती वीज खरंच लागणार याचा अंदाज आयोगापुढे मांडावा लागतो, त्यावर कुणीही सामान्य ग्राहक हरकत घेऊ शकतो. दाभोळचा करार झाला तेव्हा महाराष्ट्रात आयोगच नव्हता. हरकत घ्यायची तर रस्त्यावर उतरूनच, आणि गुहागरचे लोक उतरले. आज दरवाढीच्या याचिकेवर साध्या मराठीत अर्ज करता येतो, तरी कोकणातून येणारे अर्ज बोटांवर मोजण्याइतके. याचं मला वाईट वाटतं. पुण्या-मुंबईचे ग्राहक प्रतिनिधी आपल्याही वतीने बोलतात, पण आंबा कॅनिंगवाल्याचा हंगाम दोन महिन्यांचा असतो हे त्यांनी कुठून सांगावं?

दादाच्या करारातला हिशोब मात्र आयोगापुढे जाणारच नव्हता, कारण तो खासगी होता. इथून पुढे अठ्ठेचाळीस पानांतली खरी मेख.

करार 'ग्रुप कॅप्टिव्ह' होता. कॅप्टिव्ह म्हणजे स्वतःसाठी वीज करणं. बाहेरच्या प्रकल्पाची वीज महावितरणच्या तारेवरून आणली तर वहन आकार द्यावा लागतो, आणि वर क्रॉस सबसिडी सरचार्ज. हा दुसरा का, तर मोठे ग्राहक शेतीपंपांचा आणि गरीब घरांचा काही भार उचलतात, ते निघून गेले की भोक पडतं, त्याची भरपाई. स्वतःच्या प्रकल्पाची वीज आणली तर कायदा हा सरचार्ज माफ करतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या खटल्यात सांगितलं की अशा ग्राहकावर 'अतिरिक्त सरचार्ज' नावाचा आणखी एक वेगळा आकारही लावता येणार नाही. म्हणून सगळ्यांना 'स्वतःचा' प्रकल्प हवा असतो.

पण 'स्वतःचा' म्हणजे किती? २००५ च्या विद्युत नियमांत मोजमाप आहे. वापरणाऱ्यांची मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी हवी, आणि वर्षभरात तयार होणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. दहा जण मिळून असतील तर ज्याचा जेवढा हिस्सा तेवढाच त्याचा वापर, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे. वर्षअखेर गणित चुकलं की कॅप्टिव्हपण गेलं आणि संपूर्ण वर्षाचा सरचार्ज एकदम अंगावर.

आणि दादाचा कारखाना जून-जुलैमध्ये जवळजवळ बंद असतो. होड्याच नाहीत तर बर्फ कोणाला? पुढे नारळी पौर्णिमा होईपर्यंतही यथातथाच. करारात मात्र महिन्याला ठरावीक युनिट घेण्याची हमी लिहिलेली, नाहीतर दंड. मसुदा करणाऱ्याने कुठल्यातरी औषध कारखान्याचा करार उचलून नाव बदललं असावं. (आम्ही वकील हे करतो. मीही केलंय.) वर्षाची हमी द्यायला हरकत नाही, महिन्याची नको, एवढी एक ओळ बदलली की कराराचं रूप बदलतं.

मग येतं 'फोर्स मेजर' हे कलम. कुणाच्या हातात नसलेलं संकट, आस्मानी-सुलतानी. कोकणात हे कलम शोभेचं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलैला आमचं चिपळूण पाण्यात. अशा वेळी दंड माफ होतो, पण कळवायला हवं. दादाच्या करारात मुदत होती सात दिवसांची, लेखी आणि ईमेलने. वादळानंतर सात दिवसांत ईमेल! टॉवर पडलेले, रस्त्यावर माड आडवे, मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याच्या दारात रांग लावून. मोठ्या सरकारी निविदांच्या नमुना करारांत यावर तोड आहे. संपर्कच तुटला असेल तर तो पूर्ववत झाल्यावर कळवायचं. खासगी मसुद्यात ती ओळ गळालेली असते, कधी चुकून, कधी नाही.

महागाई मात्र आस्मानी संकट धरली जात नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनर्जी वॉचडॉग खटल्यात हे पक्कं केलं. इंडोनेशियाने कोळशाचे भाव वाढवले म्हणून काही कंपन्यांना करारातून सुटका हवी होती. न्यायालय म्हणालं, काम परवडेनासं होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे, आणि परदेशातला कायदा बदलला तरी तो करारातला 'कायद्यातील बदल' नाही. भारतातल्या कोळसा धोरणातला बदल मात्र त्या व्याख्येत बसतो. हे 'कायद्यातील बदल' प्रकरण सौर कंपन्यांच्या वकिलांची रोजीरोटी आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये आयात पॅनेलवर सेफगार्ड ड्युटी (देशी उद्योगाला संरक्षण म्हणून जादा आयातकर) लागली, एप्रिल २०२२ मध्ये ४० टक्के सीमाशुल्क आलं. बोली आधीच्या हिशोबाने लावलेली, पॅनेल आलं नंतर. वाढीव पैसे वीज घेणाऱ्याकडून मिळवायला प्रत्येक वेळी याचिका, प्रतिज्ञापत्रं, बिलांचे गठ्ठे. कंपनीच्या बाजूने हे कलम रुंद लिहायचं हे माझं नेहमीचं काम. दादासाठी मी ते चिंचोळं केलं. कर वाढला तर दर वाढेल, बरं, पण कमी झाला तर कमीही होईल असं लिहा. मूळ मसुद्यात बाण एकाच दिशेला होता.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. आयोग तंटे सोडवतो ते निर्मिती कंपनी आणि परवानाधारक यांच्यातले. बर्फाच्या कारखान्याचं निर्मिती कंपनीशी भांडण झालं तर कलम ८६ ची ती दारं त्याच्यासाठी बंद. उरतं करारातलं लवादाचं कलम, आणि त्यात ठिकाण लिहिलं होतं गुरुग्राम. मिरकरवाड्याचा माणूस चार लाखांच्या वादासाठी गुरुग्रामला जाणार नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. मी ते खोडून मुंबई केलं. रत्नागिरी लिहायचा मोह झाला होता.

तारेवरच्या विजेला वेळापत्रक लागतं हेही सांगते, कारण बॅटरी लावायचं एक मोठं कारण ते आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार हे प्रकल्पाने आगाऊ कळवायचं, चुकलं की दंड. ढग कळवून येत नाहीत. बॅटरी ती चूक झाकते. शिवाय केंद्राने वितरण कंपन्यांना उद्दिष्टं घालून दिली आहेत. अपारंपरिक विजेचा वाटा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के, साठवणुकीतून येणारा ४ टक्के. या सक्तीमुळे ही सगळी धावपळ.

प्रकल्प देशावर असल्यामुळे जमिनीची डोकेदुखी दादाची नव्हती. पण कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सौर पार्क का उभे राहत नाहीत असं मला नेहमी विचारतात, म्हणून थोडं. ऊन नाही म्हणून नव्हे, पावसाचे चार महिने सोडले तर ऊन आहे. बसायला जागा मिळत नाही. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं. अर्धे सहहिस्सेदार मुंबईत, काही वारलेले पण फेरफार झालेला नाही, आणि इतर हक्कांत एखादं कूळ. पंचवीस वर्षांचं भाडेपट्ट्याचं कागदपत्र बँकेला दाखवायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. सौर प्रकल्पाला पर्यावरण परिणाम अहवालाची अट नाही, ही सूट मला कोकणापुरती खटकते. बाहेरच्याला कातळ म्हणजे ओसाड माळ वाटतो. पावसात त्याच कातळावर फुलांचे गालिचे असतात, त्याच पाण्यावर खालच्या विहिरी भरतात, आणि बारसू, उक्षी, कशेळीसारख्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, जी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कंपनीच्या बाजूने काम करूनही मी हे बैठकीत बोलते. मग एखादी बैठक लवकर संपते.

संध्याकाळपर्यंत करारावर लाल शाईच्या खुणा झाल्या. पानागणिक दोन-तीन. दादा मान हलवत चहा पीत होता. मग त्याने विचारलं, "पण बाय, मी दुपारी लाद्या काढून ठेवल्या तर?"

मी पेन खाली ठेवलं. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने वेळेनुसार दराची चौकट घातली, सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि उद्योगांना सर्वाधिक मागणीच्या तासांत तो चढा असावा अशी. नेमके तास आणि पैसे राज्य आयोग ठरवतो. दादाचा कारखाना इतकी वर्षं रात्री जोरात चालायचा, कारण पूर्वी रात्रीची वीज स्वस्त होती आणि पहाटे होड्यांना बर्फ हवा असायचा. त्याच्याकडे लाद्या ठेवायची जाड भिंतींची खोली आहे, वापर निम्माच. स्वस्त दुपारी पाणी गोठवायचं आणि पहाटे बर्फ विकायचा, तर ती खोली बॅटरीच झाली. कुठल्याही नियमात तिला साठवणूक म्हटलेलं नाही. तिला परवाना नको, नोंदणी नको, भाडं नको, आणि वितळून जाईल तेवढीच गळती.

रात्रीच आम्ही मागच्या बारा महिन्यांची बिलं काढली. कुठल्या तासाला किती युनिट, हे त्याच्या मीटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं, फक्त कुणी मागत नाही. हिशोब अजून पुरा व्हायचाय. खोलीची एक भिंत पाझरते, ती आधी दुरुस्त करावी लागेल. कंपनीला खुणा केलेला करार पाठवला, उत्तर आलं की सात तारीख पुढे ढकलली आहे आणि वार्षिक हमीचा विचार करू. लवादाच्या ठिकाणाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

बोंबील आईने डब्यात भरले, वर वर्तमानपत्र घालून.